दारापेक्षा मोठं पिंप

वेदरफोल्ड गावातल्या पबच्या तळघरात एक पिंप आहे. ते ज्या दारातून आत गेलं असेल असं वाटतं, त्या दारापेक्षा ते मोठं आहे. थोडंथोडकं नव्हे, चांगलं दीड हात मोठं. दगडी पायऱ्या उतरून, मान खाली घालून माणूस आत शिरतो, अंधाराला डोळे सरावतात, समोर ओकच्या फळ्यांचं ते अवाढव्य पोट दिसतं आणि मग प्रत्येक जण मागे वळून दाराकडे बघतो.

"आत कसं आणलं?" हा प्रश्न मग येतोच.

लंडनच्या आसपासची मराठी मंडळी सहलीला आली, की त्यांना तळघर दाखवायला शरयूमावशी असतात. शरयू दाभोळकर मूळच्या रत्नागिरीच्या. सुईण म्हणून या गावात आल्या, निम्म्या गावाला त्यांच्या हातांनी जग दाखवलं आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. त्यांना घाई केलेली चालत नाही.

"आणलंच नाही," त्या म्हणतात. "इथेच बांधलं. का बांधलं ते ऐकायचं असेल तर बसा. नुसती बिअर प्यायची असेल तर वर जा, तिथे बाटलीतली मिळते."

सगळे बसतात. इथे मिळणारी एल ही पिंपात जिवंत असलेली बिअर. पिंपात भरली तरी तिचं आंबणं सुरूच असतं. गाळ हळूहळू तळाशी बसतो आणि वरची एल निवळते. म्हणून पिंप एकदा ठेवलं की त्याला धक्का लावायचा नाही. बाळंतिणीला जपतात तसं जपायचं, असं मावशी सांगतात. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढची कथा आपोआप कळते.

पुढची कथा अशी सांगतात.

फार पूर्वी या गावात एल बायका करायच्या. जव भिजवायचा, त्याला मोड आणायचे, तो वाळवून भरडायचा, तांब्याच्या हंड्यात शिजवायचा आणि पिंपात भरायचा. एल तयार झाली की घरावर लांब काठी उभी करून तिच्या टोकाला हिरवी डहाळी बांधायची. आपली गुढी असते तशीच, फक्त पाडव्याची वाट न बघता. डहाळी दिसली की गावाने समजायचं, या घरी एल आहे.

पण डहाळी बांधण्याआधी एल चाखून घ्यावी लागे. त्यासाठी गावाने तीन चाखणारे नेमलेले होते. एलचा एक थेंबही चाखल्याशिवाय सांडू देणार नाही, अशी त्यांनी चर्चमध्ये शपथ घेतलेली. मुळात त्यांनी घरोघर जाऊन चाखायचं असा रिवाज होता. पण चाखणारे म्हातारे झाले. पायऱ्या उतरायला नको, वाकायला नको. मग ते चर्चच्या फाटकाशी दगडी बाकावर बसू लागले आणि म्हणाले, पिंपं इकडे आणा.

पिंपं येऊ लागली. ढकलगाडीवर घालून, खडकाळ गल्लीतून, आदळत आपटत. बाकाशी पोचेपर्यंत तळाचा सगळा गाळ ढवळून वर यायचा. पेल्यात ओतली की एल पुराच्या पाण्यासारखी दिसायची. वर्षानुवर्षं असंच चाललं आणि चाखणाऱ्यांची खात्रीच पटली, की एल गढूळच असते. जेवढी गढूळ तेवढी अस्सल. स्वच्छ दिसली तर समजावं, बाईने पाणी घातलं.

चाखणाऱ्यांत सगळ्यांत वडील होते वॉल्टर. ते पेला उन्हात धरायचे, डोळे बारीक करून बघायचे, एक घोट घ्यायचे आणि निकाल द्यायचे. बाकीचे दोघे मान डोलवायचे. वॉल्टरच्या शब्दावर गावात कुणी कधी ब्र काढला नव्हता.

इडोनी ही वॉल्टरची नात, त्यांच्या मुलीची मुलगी. आई गेल्यावर घर, हंडा आणि काठी तिच्याकडे आली. आईने शिकवली तशीच ती एल करायची. आजोबा नात म्हणून तिला कधी सवलत देत नसत आणि तीही मागत नसे. पण तिची एक खोड होती. प्रश्न पडला की तो पोटात ठेवणं तिला जमत नसे.

एकदा पिंपाच्या तोटीखाली तिने पेला धरला आणि तळघरातून वर उजेडात आणून पाहिला. एल निवळशंख होती. पलीकडचं बोट दिसत होतं. तेच पिंप दुपारी बाकाशी गेलं आणि पेल्यात चिखल आला.

तिने पुढच्या खेपेला पिंप गाडीवर घातलंच नाही. कापड गुंडाळून, दोघा माणसांच्या खांद्यावर देऊन, कुरणातल्या मऊ वाटेने हळू हळू नेलं आणि निवळू द्यायला एक दिवस बाकाशेजारी सावलीत ठेवलं. वॉल्टरनी पेला उन्हात धरला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाणी," ते म्हणाले.

"पाणी नाही, आजोबा. गाळ बसलाय."

"मला एल शिकवतेस? तुझी आई शिकवायची नाही मला."

"आईची एल तरी तुम्ही कुठे चाखलीत?" इडोनी म्हणाली. "तुम्ही आजवर कुणाचीच चाखली नाहीत. तुम्ही रस्ता चाखलात."

भोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. वॉल्टर हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला: ही एल नापास. वसंतातल्या जत्रेपर्यंत इडोनीने रिवाजाप्रमाणे बाकापुढे पिंप आणावं आणि ते पास व्हावं. नाहीतर तिची काठी कायमची उतरवायची, तिचा हंडा गावाने घ्यायचा आणि तिने मोठ्या शेतवाडीवर मोलकरीण म्हणून राहायचं. तांब्याच्या हंड्याशिवाय एल होत नाही, आणि एलशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं.

कुणीही सांगेल, की अशा वेळी शहाण्या मुलीने आजोबांची माफी मागावी, पिंप गाडीवर घालावं आणि चांगलं गदगदा हलवून न्यावं. शेजारणींनी तिला तेच सांगितलं.

"म्हाताऱ्यांना हवं ते द्यावं, बाई," समोरच्या घरची मेबल म्हणाली. मेबलही एल करायची आणि गावात तिचीच एल सर्वांत जास्त खपायची. "गढूळ हवी, गढूळ दे. तुझं काय जातं?"

इडोनीने तिथेच उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली, की माझं पिंप यापुढे हा उंबरा ओलांडणार नाही. ज्याला चाखायची असेल त्याने खाली यावं.

नुसती शपथ पुरत नाही, हे तिला कळत होतं. गावचे चार गडी आले की पिंप उचलून नेतील. म्हणून ती पिंपं बांधणाऱ्या गिल्बर्टकडे गेली आणि म्हणाली, माझ्या तळघरात बसून पिंप बांध, दारातून निघणार नाही एवढं.

"एवढी लाकडं कुठून आणू?" गिल्बर्ट म्हणाला.

तिने घराचं पुढचं दार बिजागरीतून काढून दिलं. मग आईचा पलंग दिला. मग कपड्यांच्या पेटीचं झाकण, मग माळ्यावरच्या फळ्या. सगळं ओकचं होतं. तो हिवाळा तिने बिनदाराच्या घरात काढला म्हणे. वारा चुलीपर्यंत यायचा, शेजाऱ्यांची कोंबडी अंथरुणात शिरायची. लोक येता जाता आत डोकावून विचारायचे, "दार विकून पिंप घेतलंस? आता चोर आला तर?"

"आला तर बादली देईन त्याच्या हातात," ती म्हणायची. "पाणी तरी भरेल."

जव तिने उधार आणला, आईच्या पद्धतीने भिजवला, मोड आणले, वाळवला. एवढं मोठं पिंप भरायला हंडा किती वेळा चढवला आणि उतरवला त्याला गणती नाही. हातांची सालटी निघाली. पिंप भरलं, बूच बसलं आणि तिने ते निवळायला सोडलं. त्यानंतर ती तळघरात पायांत लोकरी चिंध्या बांधून वावरायची, असंही सांगतात. हे मात्र मावशींना पटत नाही.

जत्रेच्या दिवशी गडी आले. त्यांनी पिंप पाहिलं, दार पाहिलं आणि परत पिंप पाहिलं. एकाने ते आडवं करून बघू म्हटलं. दुसऱ्याने दोरीने माप घेतलं. आडवं, उभं, तिरकं, कसंही मोजलं तरी ते निघणार नव्हतं. मग गवंड्याला बोलावलं. भिंत फोडता येईल का, म्हणून विचारलं. गवंड्याने भिंतीवर थाप मारली आणि धुराड्याकडे बोट दाखवलं. "ही भिंत पाडली की ते खाली येणार. पिंपाचा भुगा होईल."

पिंपाचा भुगा म्हणजे एल सांडणार, आणि तीही न चाखता. चाखणाऱ्यांची शपथ मोडणार. गडी हात पुसत बाकाशी गेले आणि वॉल्टरना म्हणाले, "मालक, ते काही येत नाही. तुम्हालाच जावं लागेल."

जत्रेला आलेलं सगळं गाव आता बाकाकडे बघत होतं.  वॉल्टर काठी टेकत उठले.

बिनदाराच्या घरात शिरून ते तळघराच्या तोंडाशी आले. वाकले. एकेक पायरी चाचपत खाली उतरले. इडोनी त्यांच्या पुढे होती, बाकी गाव वर अंगणात थांबलं होतं.

"दिवा लाव," वॉल्टर म्हणाले.

"दिवा नाही, आजोबा. चरबीचा दिवा लावला की त्याचा वास नाकात बसतो. मग एलची चव कशी कळणार?"

"मग ती दिसणार कशी?"

"दिसायला कशाला हवी? चाखायचीय."

 इडोनीने त्यांना भिंतीशी बसवलं आणि रिवाजाप्रमाणे आधी चूळ भरायला पाण्याचा पेला हातात दिला. मग ती एल काढायला तोटीकडे वळली. तोटी पुरती फिरलीही नव्हती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ठीक आहे. दाट आहे. खरी एल आहे ही. पास."

इडोनीचा हात तोटीवरच राहिला.

"आजोबा," ती म्हणाली, "ते पाणी होतं."

 अंधारात म्हाताऱ्याने पेला जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

मोठ्या तापातून उठल्यापासून जिभेला चव नव्हती, असं त्यांनी सांगितलं. भाकरी आणि लाकूड सारखंच. डोळे शाबूत होते, म्हणून पेला उन्हात धरायचा आणि गढूळ दिसली की पास म्हणायचं. कुणी ओळखलं नाही. आणि मग हळूच ते म्हणाले, "पोरी, मी वर जाऊन पास म्हणतो. तुझी डहाळी राहील, हंडा राहील. माझी बैठक राहील. इथलं इथे."

इडोनी अंधारात उभी होती. तिला हवं होतं ते सगळं हाताच्या अंतरावर आलं होतं. वर जायचं, डहाळी बांधायची, गडी पेले घेऊन रांगेत उभे राहतील. नव्या दारापुरते पैसे महिनाभरात सुटतील. आजोबांची अब्रूही जाणार नाही. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

फक्त एल चाखायची राहिली होती. आईची राहिली, आता तिचीही राहणार होती. दार दिलं, पलंग दिला, हिवाळाभर थंडीत दात वाजवले, ते पाण्याला पास मिळावं म्हणून नव्हे.

"नको," ती म्हणाली. "मला पास नकोय. मला चव सांगणारं कुणीतरी हवंय. तुम्ही वर जाऊन सांगता, की मी सांगू?"

वॉल्टरनी स्वतः सांगितलं. पायऱ्या चढून ते अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "मला चव कळत नाही. पुष्कळ वर्षं कळत नाही."  लोकांनी उरलेल्या दोन चाखणाऱ्यांकडे पाहिलं.

"आमच्याकडे काय बघता?" त्यातला एक म्हणाला. "आम्ही वॉल्टरचं तोंड बघून सांगायचो."

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मग मागे एकाला हसू आवरेना आणि सगळं अंगण हसायला लागलं. फक्त इडोनी हसली नाही. "ज्याची जीभ जागेवर आहे त्याने खाली यावं," ती ओरडली.

कुणी पुढे होईना. आपली जीभ जागेवर आहे की नाही, याची त्या गावात कुणालाच खात्री नव्हती. शेवटी मेबल पुढे झाली. लोक कुजबुजले. समोरच्या घरची, इडोनीची डहाळी लागली की जिचा धंदा बसेल ती खरं कशाला सांगेल?

मेबलने खाली उतरून चूळ भरली. अंधारात पेला घेतला, घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि गिळला. मग पुन्हा एक घोट घेतला. 

"मागून आंबट लागते," मेबल म्हणाली.

इडोनी उसळली. "तू तेच म्हणणार! माझी काठी उतरली की तुझं फावतं."

"मग स्वतः चाख. दिवा नाहीये, माझं तोंड दिसत नाही तुला."

इडोनीने पेला घेतला. घोट घेतला. पुढे जवाची गोडी, मध्ये भाजल्याचा खमंगपणा आणि मग, जिभेच्या अगदी मागे, गळ्याच्या तोंडाशी, आंबट. बारीक, पण स्पष्ट. तिने पुन्हा घोट घेतला. आंबट होतंच.

"का?" तिने विचारलं. आवाजातला राग अजून गेला नव्हता, पण प्रश्न खरा होता.

"जव फार वेळ भिजत ठेवतेस. तुझी आईसुद्धा ठेवायची, मी बघायची समोरून."

"मग तिला कधी सांगितलं का नाहीस?"

"चाखली कुठे मी तिची? आणि बाकाशी जाईपर्यंत सगळ्यांचीच एक चव व्हायची. गाळाची." मेबलने तिच्या हातातला पेला घेतला. "माझ्या एलमध्ये काय खोट आहे, ते मला तरी कुणी सांगितलंय?"

असं सांगतात, की त्या दोघी बराच वेळ वर आल्या नाहीत. आल्या तेव्हा इडोनीने कुणाला काही न विचारता घरावरची रिकामी काठी खाली घेतली आणि गड्यांच्या हातात बादल्या दिल्या. चाखून झालेली होती, आता सांडायला शपथ आड येत नव्हती. संध्याकाळपर्यंत हातोहात बादल्या वर येत होत्या. हिवाळाभराची सगळी मेहनत गल्लीतून, चर्चच्या फाटकासमोरून, रिकाम्या दगडी बाकाखालून वाहत ओढ्याला गेली. डुकरं दोन दिवस झिंगली होती म्हणे.

हंडा गावाने मागितला नाही. मागायला बाकावर कुणी उरलंच नव्हतं. इडोनीने जव पुन्हा भिजवला, या खेपेला कमी वेळ. दुसऱ्या दिवशी ती मेबलच्या तळघरात उतरली, अंधारात तिची एल चाखली आणि तीत धुराचा वास आहे, असं तोंडावर सांगितलं. मेबल आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग तिने जव वाळवायची भट्टी बदलली.

इडोनीने काठीला पुन्हा डहाळी बांधली नाही. एल चांगली आहे हे डहाळीने ठरत नाही, काठीने नाही, बाकावर बसणाऱ्यानेही नाही, असं ती म्हणायची. ज्याला हवी तो खाली उतरायचा, चूळ भरायचा, चाखायचा आणि सांगायचा. वॉल्टरही पुढे रोज येऊन चुलीशी बसायचे. त्यांना गरम पाणी लागायचं, एल नाही.

मावशी इथे थांबतात. कुणीतरी विचारतं, "हे सगळं खरं आहे का, मावशी?"

"मला काय विचारता? मी होते का तिथे?"

इडोनीचं घर म्हणजेच आजचा हा पब, पण त्या पिंपात आता एल भरत नाहीत. मधल्या काळात त्याच्या फळ्या किती वेळा बदलल्या, कोण जाणे. त्याच्या कुशीला लाकडी घोड्यांवर छोटी पिंपं आडवी ठेवलेली असतात. पबच्या दर्शनी भिंतीवर पाटी टांगायची काठी आहे, तिला पाटी नाही. आणि आजही वेदरफोल्डमध्ये नवं पिंप उघडायचं असलं, की मालक तळघरातला दिवा मालवतो. जमलेल्यांतल्या एकाच्या हातात, तो कोण, कुठला, हे न विचारता, आधी पाण्याचा आणि मग एलचा पेला देतो. त्या घोटाचे पैसे नसतात. त्याने "हो" म्हटलं की पिंप वरच्या लोकांसाठी खुलं होतं. "नाही" म्हटलं, तर मालक वाद घालत नाही, दुसऱ्या कुणाला विचारत नाही. तो सगळं पिंप गल्लीत ओतून टाकतो. आणि ओतण्याआधी, अंधारातच, नाही म्हणणाऱ्याच्या शेजारी पायरीवर बसतो आणि विचारतो, "काय चुकलं, ते सांग."